अकरा महिन्यांचा भाडेकरार मधेच सोडायचा असेल तर काय काय करायचं

मागच्या वर्षी माझी बदली झाली तेव्हा करार होऊन जेमतेम चार महिने झाले होते आणि लॉक-इन, म्हणजे ज्या मुदतीत कोणीच करार सोडायचा नाही ती मुदत, होता सहा महिन्यांचा. एजंटला फोन केला तर त्याने एका वाक्यात निकाल लावला, "लॉक-इन आहे सर, डिपॉझिट विसरा." दोन दिवस मी खरंच विसरलो होतो. मग करार बाहेर काढला, वाचला, मालकांच्या घरी जाऊन बसलो, आणि शेवटी एका महिन्याचं भाडं आणि थोडे रंगाचे पैसे गेले, बाकी सगळं परत मिळालं. हे सगळं करताना जे कळलं ते लिहितोय, महाराष्ट्रातल्या नेहमीच्या लीव्ह अँड लायसन्स कराराबद्दल, कारण आपल्याकडे घरं बहुतेक त्यावरच दिली जातात. वकील नाही मी, रक्कम मोठी असेल तर वकिलाला कागद दाखवाच.

आणि एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, हा सगळा व्यवहार एका आकड्याभोवती फिरतो: तुम्ही मधेच गेल्यामुळे मालकाच्या खिशातून खरंच किती जाणार. तो आकडा आधी तुम्ही काढायचा, समोरून येईपर्यंत थांबायचं नाही.

आधी करार उघडा

एजंटने व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ शोधा, ती आपण सही करताना वाचलेली नसतेच, बायोमेट्रिकला अंगठा लावला की आपलं काम झालं असं वाटतं. आता वाचा. वर नाव काय आहे ते बघा, लीव्ह अँड लायसन्स की भाडेपट्टा, कारण दोन्हीचे कायदे वेगळे आहेत. लायसन्स म्हणजे मालकाने तुम्हाला राहायची नुसती परवानगी दिलेली असते, जागेत तुमचा कसलाही हक्क तयार होत नाही, याची व्याख्या १८८२ च्या इझमेंट्स ॲक्टच्या कलम ५२ मध्ये आहे. भाडेपट्ट्यात जागेचा उपभोग घ्यायचा हक्कच तुमच्याकडे येतो आणि त्याला त्याच वर्षीचा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागतो. पुढचं सगळं लायसन्सबद्दल आहे.

करारात तीन कलमं शोधायची. एक म्हणजे रद्द करण्याचं कलम. त्यात साधारण असं असतं की दोघांपैकी कोणीही एक महिन्याची लेखी नोटीस देऊन करार संपवू शकतो. हे वाचून लोक खूश होतात आणि तिथेच थांबतात. पुढे जा, खाली कुठेतरी "वर काहीही नमूद असले तरी" अशा अर्थाने सुरू होणारं लॉक-इनचं कलम असतं आणि ते वरच्याला खाऊन टाकतं. त्यात लिहिलेलं असतं की इतके महिने मालक तुम्हाला जा म्हणणार नाही आणि तुम्हीही जाणार नाही, आणि गेलात तर लॉक-इनच्या उरलेल्या महिन्यांचं भाडं भरायचं. बऱ्याच करारांत त्याच कलमात पुढचं वाक्यही असतं की मालकाने मधेच काढलं तर त्याने भाडेकरूला नुकसानभरपाई द्यायची, ते वाक्य पिवळं करून ठेवा, बोलणी करताना उपयोगी पडतं. तिसरं डिपॉझिटचं: कधी परत करायचं, कशासाठी कापायचं, रंगाचे पैसे ठरलेत का.

आणि हो, लॉक-इन किती महिन्यांचा आहे ते स्वतःच्या डोळ्याने बघा. एजंट "लॉक-इन आहे" म्हणतो तेव्हा त्याला बऱ्याचदा पूर्ण अकरा महिने म्हणायचं असतं, आणि कागदावर असतात सहा किंवा तीन. कधी कधी ते कलमच नसतं.

करार रजिस्टर आहे का

अकरा महिन्यांचाच करार का, तर रजिस्ट्रेशन ॲक्टप्रमाणे एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा रजिस्टर करावा लागतो, त्यातून ही सवय पडली. पण महाराष्ट्रात त्याचा काही उपयोग नाही, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि रजिस्टर हवाच, आणि ती जबाबदारी मालकाची. रजिस्टर नसेल तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तेही मालकालाच. आपल्या कामाचा भाग पुढे आहे: रजिस्टर करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे नुसतं नोटरी केलेलं आहे आणि मालक म्हणतोय "आपलं तोंडी एक वर्षाचं ठरलं होतं", तर ते सिद्ध करायची मेहनत त्याची. हे मालकाला धमकीसारखं ऐकवू नका, पण बोलायला बसताना आपल्याला माहीत असावं.

आता आकडा काढा

समजा भाडं २२ हजार, डिपॉझिट ६६ हजार, लॉक-इन ६ महिने आणि तुम्ही तिसरा महिना संपवून निघताय. करार म्हणतो ३ महिन्यांचे ६६ हजार द्या, म्हणजे अख्खं डिपॉझिट गेलं. बरोबर डिपॉझिटएवढीच रक्कम येते म्हणून मालकालाही ते सोयीचं वाटतं, विषय संपला.

पण १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ असं आहे की करारात मोडल्याबद्दल रक्कम लिहिलेली असली तरी समोरच्याला वाजवी भरपाईच मिळते, लिहिलेली रक्कम ही तिची वरची मर्यादा. २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे नीट मांडलं, की नुकसान झालेलंच नसेल तर या कलमाखाली भरपाई नाही. आणि कलम ७३ च्या स्पष्टीकरणात हेही आहे की नुकसान किती झालं ते ठरवताना, ते कमी करण्यासाठी कोणते उपाय हातात होते तेही बघायचं. साध्या भाषेत, घर चालत्या एरियात असताना मालकाने तीन महिने मुद्दाम कुलूप लावून ठेवायचं आणि भाडं तुमच्याकडून घ्यायचं, असं सहज चालत नाही.

मग खरं नुकसान काय? घर रिकामं राहील ते दिवस, नव्या भाडेकरूसाठी त्याला ब्रोकरेज द्यावं लागत असेल तर ते, आणि नव्या कराराचा खर्च. शेवटचा आकडा लोकांना वाटतो तितका मोठा नसतो, मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज यावर ०.२५ टक्के, आणि नोंदणी फी शहरी भागात १००० रुपये, ग्रामीण भागात ५००. वरच्या उदाहरणात मुद्रांक साधारण सहाशेच्या आसपास येतो. एजंट या कामाचे स्वतःचे वेगळे घेतो ते धरा. म्हणजे महिनाभर घर रिकामं राहिलं तरी सगळं मिळून तीस हजारांच्या आत-बाहेर. ६६ आणि ३० यांच्यातलं जे अंतर आहे तेवढ्यासाठीच तुमची सगळी बोलणी आहेत.

यावरून "मग मी काहीच देणार नाही" असा अर्थ काढू नका. तुम्ही सही केलेली आहे, मालकाने कदाचित त्या भाड्यावर हप्ता लावलेला असेल, आणि नुकसान दाखवता आलं तर कोर्ट त्याला पैसे देईलही. शिवाय तीस-चाळीस हजारांसाठी कोर्टात जाणं दोघांनाही परवडत नाही. ही कलमं टेबलावर बसून बोलण्यासाठी आहेत.

लॉक-इन संपलेला असेल तर

सोपं आहे, लेखी नोटीस द्या, नोटीसचा महिना पूर्ण करा, निघा. फक्त तारखा नीट मोजा. १० तारखेला नोटीस दिली तर बऱ्याच करारांप्रमाणे पुढच्या १० तारखेपर्यंत, पण काही करारांत "कॅलेंडर महिना" असतो, तिथे १० तारखेची नोटीस पुढच्या एक तारखेपासून धरतात आणि तुमचे वीस दिवसांचे पैसे उगाच जातात. शंका असेल तर महिना संपायच्या आत नोटीस देऊन मोकळे व्हा.

लॉक-इनमध्येच असाल तर

पहिला आणि सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे दोघांनी मिळून करार संपवणं, करार कायद्याच्या कलम ६२ प्रमाणे दोघे राजी असतील तर जुना करार पाळायची गरजच उरत नाही. लॉक-इन दोघांच्या सहीने आलाय, दोघांच्या सहीने जाऊ शकतो. इथे मधे एजंटला घालू नका असं मी स्पष्ट सांगेन, कारण त्याला नवीन ब्रोकरेज दिसत असतं आणि तो दोन्हीकडे वेगवेगळं सांगतो, माझ्या वेळी त्याने मालकांना सांगितलं होतं की हे लोक गुपचूप निघून जाणार आहेत, म्हणून ते आधीच चिडून बसलेले.

तुम्ही स्वतः जा. कारण खरं सांगा, बदलीचा मेल किंवा हॉस्पिटलचा कागद असेल तर दाखवा, कारण पटलं की माणूस निम्मा मऊ होतो. मग आकडा तुम्ही बोला, तो काय मागतो याची वाट बघू नका. मी असं म्हटलं होतं: एक महिना आधी सांगतोय, त्या महिन्याचं भाडं देतोच आहे, त्यात घर दाखवायला कधीही या, शिवाय एक महिना जास्तीचा कापा आणि नव्या कराराचा खर्च माझा. मालकांनी दोन महिने म्हटलं, मी म्हटलं महिन्याभरात नवीन माणूस आला नाही तर दुसऱ्या महिन्याचं बोलू. नवीन कुटुंब माझ्या नोटीसच्या महिन्यातच ठरलं.

त्यातूनच दुसरा मार्ग निघतो, पर्यायी भाडेकरू तुम्हीच आणून द्यायचा. ऑफिसच्या ग्रुपवर टाका, सोसायटीच्या वॉचमनला सांगा (वॉचमनला एजंटाच्या आधी कळतं कोण घर शोधतंय), घर आवरून उजेडात चांगले फोटो काढा. मालकाच्या अटी आधी विचारून घ्या, म्हणजे पसंतीला उतरणार नाहीत असे लोक रांगेने आणून तुमचंच हसं होणार नाही. आणि मालकाने विनाकारण तीन चांगली माणसं नाकारली तर ते चॅटमध्ये राहू द्या, पुढे "घर रिकामं राहिलं" म्हणताना तेच त्याच्या अंगावर येतं.

एक चूक मात्र करू नका, मालकाला न विचारता मित्राला चावी देऊन निघून जाऊ नका. लायसन्स तुमच्या नावावर असतो, तो असा दुसऱ्याला देता येत नाही, नव्या माणसाचा नवा करार आणि पोलिसांकडे भाडेकरूची नवी माहिती हे दोन्ही लागतं. उद्या त्या घरात काही झालं तर कागदावर नाव तुमचं आहे.

चार जण मिळून राहत असाल आणि एकटाच निघत असेल तर तोच नियम. नाव करारात आहे तोपर्यंत मालक पूर्ण भाडं उरलेल्यांकडे मागणारच, आणि ते तुमच्याकडे. येणाऱ्याचं नाव घालून नवा करार करून घ्या. डिपॉझिटमधला आपला हिस्सा नव्या मुलाकडून घेतला तर तसं मालकाला लिहून कळवा, ही गोष्ट कोणीच करत नाही आणि वर्षाने सगळे भांडतात.

चूक मालकाची असेल तर

छतातून गळती, पाणीच येत नाही, करारात लिहिलेला गिझर किंवा पार्किंग मिळालंच नाही. इथे लॉक-इन अडसर राहत नाही असं नाही म्हणणार, पण तुमची बाजू खूप भक्कम होते, कारण ठरलेली गोष्ट आधी त्याने दिली नाही. फक्त पुरावा हवा, आणि तो राग यायच्या आधीपासूनचा हवा. पहिल्या दिवशीच फोटो, व्हिडिओ, तारखेसकट मेसेज, "अमुक दिवसांत दुरुस्त करा" अशी लेखी विनंती, मग आठवण, आणि मग "दुरुस्ती झाली नाही म्हणून करार संपवतोय" अशी नोटीस. सहा महिने गप्प राहून जाताना गळती आठवली तर कोण ऐकणार. वकिलाकडून एक नोटीस इथे उपयोगी पडते.

मालक स्वतःच जा म्हणत असेल तर उलटी बाजू. घर विकलं हे नेहमीचं कारण. इझमेंट्स ॲक्टच्या कलम ५९ प्रमाणे नवा खरेदीदार तुमच्या लायसन्सला बांधील नसतो, म्हणजे "माझा करार आहे, मी राहणारच" हे त्याच्यापुढे टिकणं अवघड. पण तुमची चूक नसताना आणि मोबदला देऊनही मुदतीआधी बाहेर काढलं तर जुन्या मालकाकडून भरपाई मागता येते, हे कलम ६४. शिफ्टिंगचा टेम्पो, नवीन ब्रोकरेज, हे मागा. आणि निघायला वाजवी वेळ मिळायलाच हवा, कलम ६३ तेच सांगतं. पाणी-लाईट तोडून किंवा कुलूप बदलून बाहेर काढणं हा मार्ग कुठल्याच मालकाला नाही, असं झालं तर सरळ पोलीस स्टेशनला लेखी तक्रार द्या.

गुपचूप निघून जाणं

करतात लोक. भाडं थांबवायचं, "डिपॉझिटमधून वळतं करा" असा मेसेज टाकायचा आणि टेम्पो बोलवायचा. यात तुम्ही डिपॉझिटचा हिशोब पूर्ण मालकाच्या हातात देता, तो रंग, नळ, साफसफाई काय वाटेल ते लावतो. आणि पुढच्या तारखांचे चेक दिलेले असतील तर आणखी घोळ, तो चेक टाकणार आणि तुम्ही बँकेत स्टॉप पेमेंट दिलं असलं तरी चेक न वटल्याबद्दल निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ ची नोटीस येऊ शकते. ती आली तर मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरायचे असतात, ती दुर्लक्ष करायची गोष्ट नाही. म्हणून कुठल्याही मार्गाने निघा, उरलेले चेक परत घ्या.

नोटीस कशी लिहायची

फार कायदेशीर भाषा नको. मी साधारण हे पाठवलं होतं:

"नमस्कार काका. आपल्यात अमुक तारखेला झालेला आणि अमुक क्रमांकाने रजिस्टर झालेला लीव्ह अँड लायसन्स करार नोकरीतील बदलीमुळे मला अमुक तारखेपासून संपवायचा आहे. ही एक महिन्याची नोटीस समजावी. आपण काल बोललो त्याप्रमाणे लॉक-इनपोटी एका महिन्याचे भाडे डिपॉझिटमधून कापून घ्यावे, बाकीची रक्कम ताबा देण्याच्या दिवशी माझ्या खात्यात जमा करावी. त्यापलीकडे लॉक-इनची कोणतीही रक्कम देणे राहणार नाही. हे मान्य असल्याचे कृपया उत्तरात कळवावे."

शेवटची दोन वाक्यं सगळ्यात महत्त्वाची. व्हॉट्सॲपवर पाठवा, ईमेलवर पाठवा आणि करारातल्या पत्त्यावर स्पीड पोस्टानेही, पोचपावतीसकट. (रजिस्टर एडी विचारायला जाऊ नका, सप्टेंबर २०२५ पासून पोस्टाने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन केलंय.) काकांनी नुसता अंगठ्याचा इमोजी टाकला तर समाधान मानू नका, "ओके, मान्य आहे" एवढं तरी टाइप करून घ्या. रक्कम मोठी असेल किंवा करार तीन-पाच वर्षांचा असेल तर नुसत्या मेसेजवर न थांबता दोघांच्या सहीचा करार-समाप्तीचा लेख करून घ्या, आणि तो रजिस्टर करायचा का ते वकिलाला विचारा.

ताबा देण्याचा दिवस

सामान हललं की रिकाम्या घराचा एक सलग व्हिडिओ काढा, प्रत्येक खोली, नळ चालू करून, पंखे लावून, बाथरूमच्या कोपऱ्यांसकट. लाईटच्या मीटरचा फोटो, रीडिंग दिसेल असा. महावितरणचं बिल मागून येतं, तेव्हा रीडिंगवरून अंदाजे रक्कम काढून तिथेच मिटवा, नाहीतर "बिल आलं की बघू" म्हणत तेवढ्यासाठी दहा हजार अडकून बसतात. पाइप गॅस असेल तर त्याचंही तेच.

रंगाबद्दल भांडण ठरलेलं. वापराने फिकट झालेली भिंत आणि मुलाने स्केचपेनने रंगवलेली भिंत यात फरक आहे, पहिलीचे पैसे देऊ नका, दुसरीचे द्या. करारात रंगाचे ठरावीक पैसे लिहिले असतील तर मात्र वाद घालून उपयोग नाही.

चावी आणि पैसे एकाच वेळी. मालक मोबाईलवर ट्रान्सफर करतो, तुम्हाला मेसेज येतो, तुम्ही चावी देता. आणि एका कागदावर दोन ओळी: आज अमुक तारखेला ताबा मिळाला, डिपॉझिटचा हिशोब पूर्ण झाला, कोणाचे कोणाकडे येणे नाही. दोघांच्या सह्या, फोटो, झालं. भाडं महिन्याला ५० हजारांच्या वर असेल तर शेवटच्या महिन्याच्या भाड्यातून टीडीएस, म्हणजे सरकारकडे भरायचा कर, कापायचाय हे विसरू नका, तुम्ही मधेच निघालात की तो शेवटचा महिना आधी येतो.

तरीही डिपॉझिट अडकलं तर

"पैसे देत नाही तोवर घर सोडत नाही" हा हट्ट कितीही बरोबर वाटला तरी जपून, कारण मुदत संपून राहिलात तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने पैसे लागू शकतात, आणि डिपॉझिट राहिलं बाजूला, तुम्हीच देणेकरी होता. पैसे मिळणार नाहीत असं आधीच दिसत असेल तर मालकाशी बोलून शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करायचं लेखी ठरवा, म्हणजे अडकणारी रक्कमच कमी होते.

ताबा दिल्यावर आधी लेखी हिशोब मागा, कशाचे किती कापले, बिलांसकट. पंधरा दिवस द्या. मग वकिलाची नोटीस, बऱ्याचदा तेवढ्यावर पैसे येतात. त्यानंतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन दाव्याआधीच्या मध्यस्थीसाठी अर्ज करता येतो, जिल्हा कोर्टाच्या आवारात त्यांचं ऑफिस असतं, महिलांना तिथे उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो. दावा लावायची मुदत साधारण ३ वर्षं, त्यामुळे "पुढच्या महिन्यात देतो" चे मेसेज जपून ठेवा पण त्यावर दोन वर्षं काढू नका.

राहिलं एकच, जुन्या पत्त्यावरचं बँक, गॅस, आधार बदलून घ्या आणि पोस्टमनला नवा नंबर द्या. माझं क्रेडिट कार्ड त्या घरी पुढे दोनदा गेलं, नशिबाने काकांनी फोन केला.